बेडरूममधलं उघडं बाथरूम: कोल्हापूरच्या पावसाळ्यात टिकेल असं कसं बांधायचं

बेडरूम आणि बाथरूममधली भिंत काढायची, बेसिन, आरसा आणि शॉवर खोलीतच घ्यायचे, ही मागणी आता फोटोंपुरती राहिलेली नाही. फोटोत मात्र पाऊस नसतो. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर टॉवेल दोन-दोन दिवस वाळत नाही, कपाटातल्या चामडी चपलेवर पांढरी बुरशी धरते. अशा हवेत अंघोळीची वाफ गादीच्या दिशेनं मोकळी सोडायची असेल, तर बांधकामच त्या हिशोबानं करावं लागतं.

खोलीच्या कोपऱ्यात अंघोळ ही आपल्याकडे अगदीच परकी गोष्ट नव्हे. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांत दगडी मोरी खोलीतच असायची, शेजारी पाणी तापवायचा बंब. पण त्या खोलीला शहाबादी फरशी होती, कौलांच्या फटीतून वारा फिरत होता आणि संडास घराबाहेर होता. आजची बेडरूम एसीसाठी बंद ठेवलेली, जिप्समच्या गिलाव्याची, प्लायच्या कपाटांची. ओल शोषणाऱ्या आणि वारा न खेळणाऱ्या खोलीत आपण मोरी परत आणतोय, एवढं लक्षात ठेवलं तर पुढचे सगळे निर्णय सोपे होतात.

भिंत पाणी, वाफ, वास आणि आवाज अडवत होती. ती काढली की हे प्रत्येक काम दुसऱ्या कशावर तरी सोपवावं लागतं. पाण्याचा बंदोबस्त खर्चिक आहे, पण अवघड नाही. खरी डोकेदुखी वाफेची, आणि नेमकं तेच नकाशावर दिसत नाही. म्हणून आमचा सल्ला सुरुवातीलाच सांगतो: बाथरूम डोळ्याला उघडं ठेवा, वाफेला बंद ठेवा. बेसिन आणि ड्रेसिंग पूर्ण मोकळं, शॉवर छतापर्यंतच्या काचेत, कमोड स्वतःच्या खोलीत, खऱ्या भिंती आणि खऱ्या दारासकट.

आधी, कुठे हात घालू नये

फ्लॅटमध्ये ओली जागा आहे तिथेच राहिली पाहिजे. बिल्डरनं स्लॅब जिथे खाली घेतलाय, म्हणजे संकन स्लॅब, तेवढाच चौकोन पाण्यासाठी आहे. भिंत काढून तो चौकोन बेडरूमला उघडा करता येतो, पण शॉवर किंवा कमोड त्याच्या बाहेर सरकवता येत नाही. खालच्या मजल्यावर त्या जागी कुणाची बेडरूम असते, कुणाचं देवघर. तिथे कमोड नेला तर भांडण ओल दिसायच्या आधीच सुरू होतं. भिंत काढण्यापूर्वी ती भार घेणारी नाही हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या, सोसायटीचं संमतीपत्रही घ्या. पाईपसाठी बीम किंवा कॉलम फोडू द्यायचा नाही, प्लंबर कितीही म्हणाला “एवढंसंच” तरी.

पूररेषेतल्या तळमजल्यावर हे करूच नका. सुतारवाडा, दुधाळी, शाहूपुरीतली कुंभार गल्ली इथल्या लोकांना २०१९ आणि २०२१ चे पूर सांगायला नकोत. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. नदी चढली की सखल भागात ड्रेनेजची लाईन उलटी वाहायला लागते, आणि पाणी दारातून यायच्या आधी नहाणी ट्रॅपमधून, म्हणजे फरशीतल्या जाळीच्या भोकातून, वर येतं. बंद बाथरूम असेल तर निदान उंबऱ्यावर मातीची पोती लावता येतात, इथे ते पाणी थेट पलंगाखाली. सखल भागाच्या कडेला घर असेल आणि करायचंच असेल, तर घराबाहेरच्या चेंबरमध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेनं सोडणारी झडप, बसवा आणि दर मे महिन्यात त्याची झडप उघडून गाळ काढा. गाळ अडकलेली झडप बंद होत नाही, मग ती असून नसल्यासारखीच.

जुन्या घराच्या लाकडी तुळयांवरचा वरचा मजलाही यातून बाद. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, आणि कोणतंही वॉटरप्रूफिंग त्या हालचालीत तडकतं.

गॅस गीझर असलेल्या घरात तो आधी बाहेर काढा, मग नकाशाला हात लावा. गॅस जळताना खोलीतला ऑक्सिजन संपतो आणि कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला वास नसतो, डोळ्यांत झोंबत नाही. बंद बाथरूममध्येच तो जीव घेतो, तर माणसं झोपतात त्या खोलीत त्याला जागाच नाही. गीझर बाहेरच्या मोकळ्या बाल्कनीत जाऊ शकतो, नाहीतर इलेक्ट्रिक किंवा सोलर.

नकाशा

बेडरूम आणि बाथरूम मिळून १८० चौरस फुटांच्या खाली असेल तर भिंत राहू द्या. उदाहरणादाखल १२ बाय १८ फुटांची जागा धरू. पलंग एका टोकाला, शॉवर आणि कमोड दुसऱ्या टोकाला बाहेरच्या भिंतीकडे, मध्ये कपाट आणि मग बेसिन. म्हणजे कोरडं, जरा ओलं, पूर्ण ओलं अशा क्रमानं खोली पुढे सरकते. पलंगाच्या कडेपासून शॉवरच्या काचेपर्यंत निदान ५ ते ६ फूट राहिले पाहिजेत. कपाट काचेपासून ४ फुटांच्या आत नको.

शॉवरची जागा आतून ३ बाय ३ फूट ही अगदी कमीत कमी, ३ बाय ४ फूट घेतली तर हात पसरता येतात आणि म्हाताऱ्या माणसाला स्टूल ठेवून बसता येतं. कमोडची खोली आतून ३ फूट रुंद आणि साडेचार फूट लांब ठेवा. नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये स्वतंत्र शौचालयासाठी ०.९ मीटर रुंदी आणि १.१ चौरस मीटर क्षेत्र हे किमान माप आहे, त्यात हे बसतं. दार बाहेर उघडणारं हवं. आत कुणी चक्कर येऊन पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं. सरकतं दार दिसायला सुटसुटीत, पण त्याच्या कडेनं आवाजही येतो आणि वासही. ते टाळा.

बेडरूमच्या दारात उभं राहून पाहा: कमोडचं दार किंवा शॉवर समोर दिसता कामा नये. आपल्याकडे बेडरूमचं दार दिवसा उघडंच असतं. सणासुदीला पाहुण्यांच्या बॅगा त्याच खोलीत, बहिणीची पोरं त्याच पलंगावर. शॉवरच्या काचेला कमरेपासून डोक्यापर्यंत धुरकट पट्टा किंवा रेघांची फ्ल्युटेड काच घेतली की निम्मा प्रश्न सुटतो.

पश्चिमेच्या भिंतीला खिडकी असेल तर वर दोन फुटांचा छज्जा घ्याच, कारण आपल्याकडे पावसाची झड तिकडून येते. छज्जा नसलेली खिडकी चार महिने बंद राहते, आणि वायुवीजनाचा सगळा हिशोब तिथेच फसतो.

टबचा मोह असेल तर वजनाचा विचार करा. साडेपाच बाय अडीच फुटांचा टब भरला की साधारण २०० लिटर पाणी, वर माणूस आणि टब, म्हणजे ३०० किलोंच्या पुढे. घराचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला २०० किलो चल भार (माणसं, सामान यांचा) धरून काढलेला असतो. टबाखालच्या सव्वा चौरस मीटरवर तो आकडा ओलांडला जातो. टब बीमला लागून, भिंतीकडे ठेवायचा आणि इंजिनिअरला आधी विचारायचं. एवढं करून वर्षातून किती वेळा भरला जाईल, ते तुमचं तुम्ही ठरवा.

पाणी

नवीन बंगला असेल तर स्लॅब टाकतानाच ओल्या भागाचा स्लॅब ८ ते १० इंच खाली घ्या. भिंतीत बसणारा कमोड घेतला तर सहा इंचांतही भागतं, कारण त्याची मैलावाहिनी जमिनीत न जाता भिंतीतून जाते. त्याची लोखंडी फ्रेम आणि टाकी मावायला मात्र मागे ६ ते ८ इंच जाडीची पोकळी लागते, ती नकाशात आधी धरा.

आता या कामातला सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात जास्त विसरला जाणारा भाग. टाईलच्या वरचं पाणी ढाळानं ट्रॅपकडे जातं. पण थोडं पाणी सांध्यांतून खाली उतरतंच, आणि टाईलखालच्या मसाल्यातून आडवं सरकत सरकत बेडरूमकडे येतं. सहा-आठ महिन्यांनी कपाटाखालची स्कर्टिंग काळी पडते, रंगाचे फुगे येतात, आणि सगळे जण वरून गळती शोधत बसतात. बंद बाथरूममध्ये दाराचा उंबरा हे पाणी अडवायचा. उघड्या बाथरूममध्ये उंबरा दिसायला नको असतो, म्हणून तो जमिनीखाली बांधायचा: ओल्या आणि कोरड्या भागाच्या सीमेवर, स्लॅबपासून वर, ४ इंच रुंद काँक्रीटचा बंधारा, ज्याचा माथा टाईलच्या लगेच खाली येईल. वॉटरप्रूफिंगचा थर या बंधाऱ्यावरून चढवून बेडरूमच्या बाजूला दोन फूट न्यायचा. कोल्हापुरी बंधाऱ्याचे बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, पावसाळ्याआधी काढतात, याचे बर्गे काढायची सोय नाही. म्हणून पहिल्यांदाच नीट करा. बंधारा विटांचा नको, वीट पाणी पिते.

कामाचा क्रम असा ठेवा:

१. स्लॅब खरवडून स्वच्छ करा. जिथे काँक्रीट पोकळ, खडी उघडी दिसते तिथे फोडून पॉलिमर मिसळलेल्या मसाल्यानं भरा. पाईप जिथे स्लॅब किंवा भिंतीतून जातात ती भोकं साध्या सिमेंटनं नव्हे, वाळताना न आकसणाऱ्या नॉन-श्रिंक ग्राऊटनं भरा. गळती बहुतेक वेळा इथूनच सुरू होते.

२. भिंत आणि जमीन जिथे मिळतात तिथे दोन इंचांचा गोल वाटा काढा. काटकोनात थर तडकतो, वाट्यावर तडकत नाही.

३. सिमेंट-पॉलिमर वॉटरप्रूफिंगचे दोन हात, दुसरा पहिल्याच्या आडव्या दिशेनं. कोपऱ्यांत फायबरची जाळी. संकन स्लॅबमध्ये पाणी भरून ४८ तास ठेवा, पातळी भिंतीवर पेन्सिलीनं आखा आणि खालच्या छताला हात लावून पाहा.

४. संकनच्या अगदी तळाला एक इंची नळी बाहेर, डक्टमध्ये (इमारतीचे पाईप उतरतात त्या उभ्या पोकळीत) उघडी ठेवा. पुढे कधी आत पाणी साठलं तर ते या नळीतून टपकून दिसेल. ही नळी नसेल तर संकनमध्ये बादल्यांनी पाणी साठतं आणि कुणाला कळत नाही.

५. पाईप टाका. कमोडची ४ इंची लाईन फुटाला दोन ते अडीच सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) ढाळात. जास्त ढाळ दिला तर पाणी पुढे पळतं आणि घाण मागे राहते, म्हणून “अजून थोडा ढाळ देऊ” हे इथे चालत नाही. नळाच्या लाईनला ६ ते ७ किलोंचा दाब देऊन निदान दोन तास काटा पडत नाही ना ते बघा.

६. भरणी विटांच्या तुकड्यांच्या कोब्यानं किंवा हलक्या फोम काँक्रीटनं. फोडकामाचं राबिट आत ढकललेलं दिसलं तर काम थांबवा. ते दबतं, वरची टाईल पोकळ होते आणि पाईपचा ढाळ उलटा होतो.

७. कोब्यावर ढाळ देऊन पुन्हा वॉटरप्रूफिंगचे दोन हात. भिंतींवर सगळीकडे एक फूट, शॉवरमध्ये सात फुटांपर्यंत. पुन्हा पाणी तुंबवायचं, या वेळी ७२ तास.

ही दुसरी चाचणी चुकवायची घाई ठेकेदाराला असते, कारण तीन दिवस कारागीर रिकामे राहतात. हप्ता या चाचणीनंतर द्यायचा, असं आधीच ठरवून टाका.

शॉवरच्या तळाचा ढाळ फुटाला दीड ते दोन सूत, बेसिनजवळच्या भागाला एक सूत पुरतो. सगळा ढाळ बेडरूमपासून लांब, आतल्या भिंतीकडे. तिथे भिंतीलगत लांब जाळीचा चॅनेल ट्रॅप घेतला तर एकाच दिशेनं ढाळ द्यावा लागतो आणि मोठी टाईलही बसते. मधोमध गोल जाळी घेतलीत तर चारही बाजूंनी ढाळ काढावा लागतो आणि दोन बाय चार फुटांची टाईल चार तुकड्यांत कापावी लागते. त्यापेक्षा तिथे लहान तुकड्यांची टाईल बरी. मोठा रेन शॉवर मिनिटाला १२ ते १५ लिटर पाणी सोडतो. ट्रॅपची बाहेरची नळी दोन इंचांपेक्षा बारीक नको, तीन इंची मिळाली तर उत्तम. केस आणि साबणाची साय धरून हिशोब करायचा असतो. बेडरूमची फरशी ओल्या भागापेक्षा चार-पाच सूत वर ठेवा. तेवढा फरक पायाला टोचत नाही.

टाईल सिमेंटच्या रगड्यावर नको, अॅडेसिव्हवर खाचा पाडणाऱ्या थापीनं बसवा, सांधे ३ मिमीचे आणि इपॉक्सी ग्राऊटचे. शॉवरमध्ये टाईल R १० पेक्षा कमी पकडीची घेऊ नका. चकचकीत व्हिट्रिफाईड पलंगाजवळ ठीक, पण ओल्या पायानं येण्याच्या वाटेवर ती मॅट हवी.

वाफ

हा हिशोब कागदावर करून पाहा. १२ बाय १८ ची खोली, १० फूट उंची, म्हणजे २१६० घनफूट हवा. मिनिटाला १०० घनफूट हवा ओढणारा एक्झॉस्ट फॅन ही हवा एकदा बदलायला साधारण २२ मिनिटं घेतो, आणि तोवर वाफ कपाटात, पडद्यांत, गादीत शिरलेली असते. तोच पंखा ३ बाय ४ च्या, ८ फूट उंच काचेच्या खोलीत लावला तर तिथली ९६ घनफूट हवा मिनिटाभरात बदलते. पंखा तोच, फरक फक्त काचेचा. म्हणून आम्ही दार नसलेल्या अर्ध्या काचेच्या शॉवरच्या बाजूचे नाही, निदान या शहरात तरी नाही.

काच १० मिमी टफन, छतापर्यंत किंवा फॉल्स सीलिंगपर्यंत. बिजागऱ्या, मुठी यांची भोकं टफन करण्याआधीच पाडून यावी लागतात. नंतर ड्रिल लावलं की काच भुगा होऊन खाली येते. म्हणून माप टाईल बसल्यावरच घ्यायचं, नकाशावरून नाही. दाराखाली अर्धा इंच फट राहू द्या. पंखा वरून वाफ ओढेल तेव्हा तिथूनच कोरडी हवा आत यायला हवी. बाहेरची हवा आत यायला वाटच नसेल तर पंखा नुसता घोंघावतो.

पंखा शॉवरच्या वर, हवेच्या नळीचा म्हणजे डक्टवाला, इनलाईन प्रकारचा घ्या. मोटर छतात लांब बसते, आवाज कमी. डक्टला प्रत्येक वळण म्हणजे ओढ कमी, तेव्हा एक-दोन वळणांत बाहेर काढा, आणि बाहेरच्या तोंडाला आपोआप मिटणारी झडप हवी. नाहीतर जुलैत ओली हवा उलटी आत येते. बटण लाईटच्या बटणाला जोडू नका. स्वतंत्र टायमर लावा, अंघोळीनंतर २० ते ३० मिनिटं चालेल असा. लाईट बंद केला की पंखाही बंद, हीच बुरशीची सुरुवात.

आता एक गोष्ट, जी पंख्याच्या खोक्यावर लिहिलेली नसते. भर पावसाळ्यात बाहेरची हवाच ओलीचिंब असते. पंखा वाफ बाहेर काढतो आणि तिच्या जागी तशीच दमट हवा आणतो. ओली फरशी आणि भिंत तेवढ्यानं वाळत नाही. त्या चार महिन्यांत अंघोळ झाल्या झाल्या काच आणि फरशी वायपरनं निपटायची, दोन मिनिटांचं काम, पण खोलीतलं निम्मं पाणी तिथेच ट्रॅपमध्ये जातं. ओला टॉवेल खोलीत टाकायचा नाही. रात्री तासभर एसी ड्राय मोडवर किंवा डीह्युमिडिफायर. एक साधा आर्द्रतामापक भिंतीला लावा. आकडा सारखा ७० च्या वर राहत असेल तर कपाटं उघडून बघायची वेळ झाली.

बाहेरच्या भिंतीला टेकून कपाट केलं असेल तर मागे दोन इंच पोकळी सोडा. थंडीत ती भिंत गार पडते, वाफ तिच्यावर पाणी होऊन बसते, आणि कपाटाची पाठ आतून काळी होते. पैठण्या आणि शालूंचं कपाट तर या भिंतीला नकोच.

वास आणि आवाज

वास कमोडचा कमी, ट्रॅपचा जास्त असतो. प्रत्येक ट्रॅपमध्ये वास अडवणारी निदान दोन इंच पाण्याची सील असली पाहिजे. बाजारात उथळ जाळ्या मिळतात त्यांत जेमतेम अर्धा इंच पाणी राहतं, आठवडाभर गावाला गेलं की ते सुकतं. बेसिनचं पाणी शॉवरच्या नहाणी ट्रॅपमधून न्या, म्हणजे रोज हात धुतले तरी सील भरलेली राहते. मैलावाहिनीला गच्चीपर्यंत व्हेंट पाईप हवा. तो नसेल तर फ्लश केल्यावर लाईन रिकामी होताना ट्रॅपचं पाणी ओढून नेते, ते गुळगुळ आवाजावरून कळतं.

बंद खोलीत मोठा पंखा लावला की खोलीत ओढ तयार होते आणि हवा जिथून मिळेल तिथून येते, दुबळ्या ट्रॅपमधूनसुद्धा. पंखा लावला की वास येतो, अशी तक्रार असेल तर पंखा बदलू नका, हवेची वाट मोकळी करा. कमोडच्या खोलीला स्वतःचा छोटा, ४ इंची पंखा द्या.

आवाजाचं थोडक्यात: कमोडची भिंत आणि वरून येणारी ४ इंची लाईन पलंगाच्या डोक्याकडच्या भिंतीत नको. लाईन विटांच्या आड, फोमनं गुंडाळून. जिप्सम बोर्डाच्या पोकळ भिंतीत फ्लशची टाकी बसवली तर रात्री अडीच वाजता घरातल्या सगळ्यांना कळतं.

वीज आणि गरम पाणी

या खोलीच्या सगळ्या सर्किटना ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) लावा, फक्त गीझरला नव्हे. ओल्या पायानं माणूस आता थेट पलंगाजवळच्या चार्जरपर्यंत चालत येतो. शॉवरच्या कडेपासून सॉकेट ३ मीटर लांब ठेवा, काचेच्या आत कोणतंही बटण नको. बेसिनजवळ दाढीसाठी, केसांसाठी सॉकेट हवंच असेल तर ते शॉवरच्या उलट टोकाला आणि झाकणवालं. शॉवरमधला दिवा आयपी ६५ चा, म्हणजे पाण्याच्या फवाऱ्यातही टिकणारा. २ किलोवॉटच्या गीझरला २.५ चौरस मिमीची वायर चालते, ३ किलोवॉटला ४ ची घ्या. त्याचं दोन्ही तारा तोडणारं बटण काचेबाहेर. रात्रीसाठी गुडघ्याच्या उंचीवर पिवळसर मंद दिवा, हालचालीवर लागणारा, म्हणजे एक जण उठला तरी दुसऱ्याच्या डोळ्यांवर उजेड येत नाही.

सोलर असेल तर गच्चीपासूनच्या लाईनची लांबी मोजा. पाऊण इंची सीपीव्हीसीत मीटरला साधारण पाव लिटर पाणी मावतं. २० मीटर लाईन म्हणजे गरम पाणी यायच्या आधी ५ लिटर गार पाणी वाया. लाईनला इन्सुलेशन घाला, आणि पावसाळ्यासाठी तिच्या शेवटी छोटा गीझर जोडा. गच्चीतली टाकी शॉवरपासून दहा फूट वर असेल तर दाब जेमतेम ०.३ बार मिळतो. रेन शॉवरला एक बारच्या आसपास लागतो. प्रेशर पंप घेतलात तर तो गच्चीत ठेवा, या खोलीच्या छतावर नको.

साहित्य

बांधकाम करणारे बेडरूमला जिप्समचा गिलावा करतात. ओल्या सीमेपासून दोन फुटांपर्यंत तो खरवडून सिमेंटचा करा, जिप्सम ओल पिऊन पिठासारखं सुटतं. कपाटं ७१० ग्रेडच्या बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणाऱ्या, प्लायची. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड या खोलीत आणू नका. कपाटाखाली लाकडी पाय नको, चार इंचांचा ग्रॅनाइटचा पट्टा. लॅमिनेट फ्लोअरिंग कडेनं फुगतं. लाकडी दिसणंच हवं असेल तर लाकडाच्या रेघांची मॅट टाईल. बोअरचं जड पाणी असेल तर काचेवर आणि काळ्या नळांवर पांढरे डाग बसतात, ते घासून जात नाहीत. अशा घरात क्रोम घ्या आणि काळ्याचा नाद सोडा.

काम कधी काढायचं आणि ताब्यात काय घ्यायचं

दसऱ्यानंतर फोडकाम, अक्षय्य तृतीयेच्या आत काच. पावसाळ्यात केलेलं वॉटरप्रूफिंग नीट वाळत नाही, आणि ओल्या कोब्यावर मारलेला थर पुढच्या उन्हाळ्यात फोडासारखा उचलला जातो. साधारण दीड ते दोन महिने धरा. त्यातले बरेच दिवस नुसते वाळण्यात आणि पाणी तुंबवण्यात जातात, आणि ते वाया गेलेले नसतात.

ताबा घेताना शॉवरमध्ये बादलीभर पाणी एकदम ओता, पाच मिनिटांनी कुठे डबकं राहतं ते बघा. नाण्यानं प्रत्येक टाईल वाजवा, पोकळ वाजेल ती बदलून घ्या. पंख्याच्या जाळीला टिश्यू पेपर लावा, तो चिकटून राहिला पाहिजे. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा, आणि ते दर महिन्याला दाबत राहा. काचेच्या खालचं सिलिकॉन काळं पडायला लागलं की पुसत बसू नका, कापून नवीन भरा.

आणि भरणी करण्याआधी, पाईप उघडे असताना, प्रत्येक भिंतीचे आणि जमिनीचे फोटो टेप लावून काढून ठेवा, दाराच्या चौकटीपासूनची मापं दिसतील असे. दोन वर्षांनी टॉवेलचा दांडा बसवायला येणारा माणूस ड्रिल कुठे मारेल, हे त्या फोटोंवरून ठरवायचं.